जहाजातून उतरून दोन तासांत इफेसस: घ्यावी का ही सहल?

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. अवशेष बघायचे असतील तर क्रूझने जाऊ नये, आणि क्रूझनेच जायचं असेल तर अवशेषांच्या नादी लागू नये.

पूर्व भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या कुठल्याही क्रूझचं माहितीपत्रक उघडा. एका दिवशी ऑलिंपिया, एका दिवशी अथेन्स, मग तुर्कस्तानातलं प्राचीन शहर इफेसस, मध्येच सांतोरिनी बेट. वाचताना तोंडाला पाणी सुटतं. आता जरा घड्याळ घेऊन बसा. जहाज सकाळी सात-आठला धक्क्याला लागतं आणि चार-पाचला सुटतं. सुटायच्या निदान अर्धा तास आधी सगळे आत हवेत. सकाळी जहाजावरच्या थिएटरात जमा, बसचा नंबर छातीवर चिकटवून घ्या, धक्क्यावर आपला गाईड शोधा, यात एक तास सहज जातो. चिविताव्हेक्किया बंदराला उतरून रोम गाठायचं तर ७०-८० किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. उरलेल्या वेळात फोरम, कोलोसियम, जेवण आणि वर व्हॅटिकनही!

इफेसस त्यातल्या त्यात सोयीचं, कुशादासी बंदरापासून जेमतेम २० किलोमीटर. म्हणजे तिथे तरी निवांत वेळ मिळावा की नाही? तर आमचा तो वेळ गालिच्यांच्या दुकानात गेला. आधी चहा, मग विणकामाचं प्रात्यक्षिक, मग एकेक गालिचा उलगडत किमती. प्राचीन शहराला जेवढा वेळ मिळाला, जवळजवळ तेवढाच या दुकानाला. डोंगरउतारावरची श्रीमंतांची घरं, म्हणजे टेरेस हाउसेस, तिथली भिंतीवरची चित्रं आणि मोझॅक हा तिथला सगळ्यात सुंदर भाग. वेगळं तिकीट लागतं म्हणून तो वगळलेला. अर्टेमिस देवीच्या प्रसिद्ध मूर्ती शेजारच्या सेल्चुक गावातल्या संग्रहालयात आहेत, त्याचं तर नावही कुणी काढलं नाही.

माझा खरा राग इथेच आहे. या सहलींत पहिला बळी जातो तो संग्रहालयाचा. ऑलिंपियाचा हर्मीसचा पुतळा संग्रहालयात, पोम्पेईतला अलेक्झांडरचा मोझॅक नेपल्सच्या संग्रहालयात. ते न बघता नुसते उघडे चौथरे बघून परतायचं, आणि वर त्यासाठी जहाज कंपनी सांगेल ते पैसे मोजायचे.

मंजिरी_प

तीव्र असहमत, आणि थोडा रागही आला.

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, रेल्वेचे जिने चढा, हे तिला जमणारच नव्हतं. जहाजात एकदा कपडे कपाटात लावले की संपलं. इफेससला बस वरच्या दारापाशी सोडते आणि खालच्या दारापाशी घ्यायला येते, त्यामुळे जवळपास सगळा रस्ता उताराचा. संगमरवर घासून गुळगुळीत झालाय, तेवढं सांभाळायचं. आई काठी टेकत टेकत उतरली. तिथलं प्राचीन ग्रंथालय तिला आवडलंच, पण ती खरी रमली रोमन सार्वजनिक शौचालयात. संगमरवरी बाक, त्यावर ओळीने भोकं, मध्ये आडपडदा काही नाही. "हे लोक गप्पा मारत बसायचे?" असं तिने गाईडला दोनदा विचारलं. अजून ज्याला त्याला सांगते.

आठ दिवस सेल्चुकला राहून संग्रहालयासकट इफेसस बघणं फार छान. पण ज्यांना ते शक्य नाही त्यांनी घरी बसावं, असा तुमच्या लेखाचा अर्थ होतो.

शिळालेख

दोघंही प्रवाशाला काय मिळालं यावरच बोलताय. त्या जागेचं काय होतं?

अवशेषांना वर्षाची एकूण गर्दी तेवढी छळत नाही जेवढी एकाच वेळी आलेली छळते. आजचं मोठं जहाज चार-पाच हजार माणसं घेऊन येतं, आणि बंदरात अशी दोन-तीन असली तर सगळ्यांच्या बसेस नऊ ते साडेनऊच्या दरम्यान एकाच दाराशी. दुपारी दोननंतर तीच जागा मोकळी. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर २०२३ च्या सप्टेंबरपासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आणि तासातासाचे स्लॉट सुरू झाले ते यासाठीच. पोम्पेईनेही २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०,००० ची मर्यादा आणि नावावरचं तिकीट आणलं. सांतोरिनीने २०२५ पासून क्रूझ प्रवाशांचा आकडा दिवसाला ८,००० वर बांधला. शिवाय ग्रीसमध्ये जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क आहे, ऐन हंगामात सांतोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो.

माझं मत विचाराल तर हे शुल्क कमीच आहे. जहाजाच्या प्रवाशाचा मुक्काम जहाजात, जेवण जहाजात, दारूही जहाजात. त्या गावाच्या वाट्याला येतो बसचा धूर, फार तर एक आइस्क्रीम.

डेक_सात

जहाज कंपनीची सहल घेताच कशाला, हे कुणीच विचारत नाहीये. आम्ही नेपल्सला स्वतः उतरलो. सर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल पकडली, 'पोम्पेई स्काव्ही' स्टेशनवर उतरलो, समोरच प्रवेशद्वार. खर्च जहाजाच्या सहलीपुढे किरकोळ. दुकानही नाही, स्टिकरही नाही. धागाकर्त्यांचे निम्मे आक्षेप इथेच संपतात.

मंजिरी_प

@डेक_सात, आणि ती लोकल बंद पडली तर? कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठा. धक्क्यावरून धावत येणारी माणसं आणि वरच्या डेकवरून त्यांचे व्हिडिओ काढणारी माणसं, दोन्ही पाहिलीत मी.

डेक_सात

म्हणून तर दोन तास हातात ठेवूनच परतायचं. त्यातला एक तास तुमची बस दुकानात घालवते, तो मी धक्क्यावर कॉफी पीत घालवतो.

माजी_पर्सर

काही वर्षं जहाजावर काम केलंय, त्यातला बराच काळ सहलींच्या काउंटरवर. जहाजाचं नाव विचारू नका.

सहल जहाज विकतं, चालवत नाही. चालवतो बंदरातला स्थानिक ठेकेदार. बस, गाईड, जेवण, तिकीट सगळं त्याचं. तुम्ही भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा जहाजावरच राहतो आणि उरलेल्यात ठेकेदाराला भागवायचं असतं. ते भागतं दुकानाच्या कमिशनवर. म्हणजे गालिच्यांचं दुकान ही त्या गाईडची लबाडी नव्हे, सहलीचा हिशेबच तसा मांडलेला असतो. बुकिंग करताना पत्रकात बारीक अक्षरांत 'हस्तकला प्रात्यक्षिक' असं काही दिसलं तर समजून जा. दुकान नसलेल्या छोट्या गटाच्या सहलीही असतात, पण त्या महाग, आणि त्या निवडणारे कमी. आमच्याकडे तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण पुढच्या बंदरात पुन्हा स्वस्तातलीच सहल घ्यायचे.

गाईडची बाजूही ऐका. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये परवान्याशिवाय गाईडगिरी करता येत नाही. त्यामुळे ही माणसं शिकलेली असतात, पुष्कळदा इतिहास किंवा पुरातत्त्व शिकलेली. पण ४० जणांच्या गटात वेग ठरतो सगळ्यात हळू चालणाऱ्यावर, आणि बोलणं ठरतं सगळ्यात कमी रस असलेल्यावर. मग ग्रंथालयापासून वेश्यागृहापर्यंत भुयार होतं, ही गोष्ट रोज सांगितली जाते. त्या इमारतीला वेश्यागृह म्हणावं की नाही यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, पण हशा हमखास. ज्या दिवशी गटात दोन माणसं खरे प्रश्न विचारायची, त्या दिवशी तेच गाईड फुलून बोलायचे. बंदरांचा गाळ, नदीचं पात्र, सगळं.

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

@माजी_पर्सर, गाळाचं बरं काढलंत. इफेसस हे स्वतःच मोठं बंदर होतं. कायस्टर नदीने गाळ आणून आणून ते बुजवलं, आणि आज समुद्र काही किलोमीटर मागे गेलाय. नाट्यगृहासमोरून निघणारा तो रुंद, खांबांचा रस्ता बंदराकडे जायचा. आता तो शेतांच्या दिशेने जाऊन संपतो. जहाजातून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगायला हवी. आम्हाला ती सांगितली नाही, भुयार मात्र सांगितलं.

@मंजिरी_प, घरी बसा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या आईंना जे मिळालं ते मोलाचंच. पण त्या एका सहलीवरून आठवड्यात पाच प्राचीन शहरं विकणाऱ्या धंद्याची वकिली होत नाही. पाचव्या दिवशी सगळे खांब सारखेच दिसायला लागतात. कुठला डोरिक, कुठला आयोनिक, काही राहत नाही डोक्यात.

उगाचच

अवांतर: ही तक्रार फार जुनी आहे. डेल्फीला आलेल्या पाहुण्यांच्या एका संवादात प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो की गाईड आपलं ठरलेलं भाषण म्हणतच राहिले, आवरतं घ्या म्हणून विनवलं तरी ऐकेनात. एकोणीसशे वर्षं होत आली. आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ मेम्नॉनचे दोन पुतळे आहेत, त्यातला एक पहाटे आवाज करायचा; त्याच्या पायांवर ग्रीक आणि लॅटिनमधले शंभराहून जास्त लेख आहेत, 'मी आलो होतो, मी आवाज ऐकला' या थाटाचे. इ. स. १३० मध्ये सम्राट हेड्रियन तिथे गेला, तेव्हा त्याच्या लवाजम्यातल्या जूलिया बाल्बिल्लाने तर कविताच कोरून घेतल्या. तेव्हा सेल्फीवाल्यांना नावं ठेवू नका, निदान ते दगडावर काही कोरत नाहीत.

शिळालेख

कोरतात हो, अजूनही कोरतात. कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीने नाव कोरणाऱ्या पर्यटकाचा व्हिडिओ २०२३ मध्ये जगभर फिरला.

लक्सरचं नाव निघालंच आहे तर सांगतो, तिथे मी पूर्णपणे धागाकर्त्यांच्या बाजूने. जहाज लाल समुद्रावरच्या सफागाला थांबतं, तिथून लक्सर २०० किलोमीटरच्या वर. जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच, आणि मधल्या वेळात कर्नाक आणि राजांची दरी, तीही भर दुपारी. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाहून चिचेन इत्झा हाही तसलाच प्रकार: आधी फेरीबोट, मग दोन-अडीच तासांची बस. अशा सहली कंपन्यांनी विकूच नयेत. अकाबाहून पेट्रा त्या मानाने बरं, दोन तासांत पोचता. पण सीकची घळच सव्वा किलोमीटरची, ती ओलांडून 'खजिना' म्हणतात त्या कोरीव दर्शनी भागासमोर फोटो काढला की परतायची वेळ. वरच्या मठाच्या ८०० पायऱ्या कोण चढतोय? जॉर्डनने मात्र शहाणपणा केलाय. देशात मुक्काम करणाऱ्याला पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, मुक्काम न करता नुसतं बघून जाणाऱ्याला ९०. सगळीकडे असंच हवं.

डेक_सात

म्हणजे ज्याच्याकडे सुट्ट्या कमी त्याने जास्त भरायचे? छान न्याय आहे.

शिळालेख

सुट्ट्या कमी असण्याचा भुर्दंड दगडांनी का सोसायचा?

मंजिरी_प

दगड, दगड! अहो, ती जागा कोणी बघायलाच आलं नाही तर तिची डागडुजी करायला पैसा कुठून येणार? पोम्पेईत २०१० मध्ये ग्लॅडिएटर्सची इमारत कोसळली ती पर्यटकांच्या पायांनी नव्हे, पाऊस आणि दुर्लक्षामुळे. त्यानंतर युरोपीय संघाच्या मदतीने कोट्यवधी युरो ओतले तेव्हा कुठे ती जागा सावरली. लोकांना त्या जागेची ओढ होती म्हणूनच तेवढी ओरड झाली ना?

माजी_पर्सर

या मुद्द्यावर मंजिरीताईंशी अर्धा सहमत. ओढ हवीच. पण सगळी ओढ सकाळी साडेनऊलाच का, हा शिळालेख यांचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर गाईडच्या किंवा प्रवाशाच्या हातात नाही. ते जहाजाच्या वेळापत्रकात आहे. रात्री नऊपर्यंत बंदरात थांबणारं जहाज निवडा, आणि सहल दुपारची घ्या. अशी जहाजं असतात, शोधावी लागतात. बंदरात जास्त वेळ थांबायचं म्हणजे जहाजावरची दुकानं आणि कॅसिनो तेवढा वेळ बंद, म्हणून कंपन्यांना ते परवडत नाही.

नवखा_प्रवासी

सगळं वाचून जास्तच गोंधळलोय. आमचं जहाज पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, सकाळी सातला लागतंय, संध्याकाळी साडेपाचला सुटतंय. सोबत वडील, त्यांना चढ जमत नाही. अ‍ॅक्रोपोलिस करावं की सोडावं?

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

सोडा. पायथ्याचं संग्रहालय करा. २००९ मध्ये उघडलंय, लिफ्ट आहे, थंडगार आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पं मंदिरावर होती त्याच दिशेने मांडलीत, आणि काचेतून समोर खरं पार्थेनॉन दिसतं. खालच्या काचेच्या जमिनीतून जुन्या वस्तीचं उत्खननही दिसतं.

मंजिरी_प

अजिबात सोडू नका! चालायला अडचण असलेल्यांसाठी टेकडीच्या उत्तर बाजूला लिफ्ट आहे, २०२० च्या डिसेंबरपासून. सोबतच्या एका माणसालाही नेतात. वारा जोरात असला तर बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा आणि तिकिटाचा सकाळी आठचा स्लॉट आजच घ्या. संग्रहालय नंतर करता येईल, वेळ भरपूर आहे.

शिळालेख

आठ नको. धक्क्यावरून आठला पोचणारच नाही, स्लॉट हुकेल. दुपारी दीडचा घ्या, तोवर जहाजांच्या बसेस निघून गेलेल्या असतात. सकाळी संग्रहालय करा.

मंजिरी_प

दुपारी दीडला, उन्हाळ्यात, वडिलांना घेऊन, त्या टेकडीवर? २०२३ च्या जुलैत उष्णतेमुळे दुपारचं अ‍ॅक्रोपोलिसच बंद ठेवलं होतं, ते विसरलात वाटतं. @नवखा_प्रवासी, तुमचं जहाज कोणत्या महिन्यात आहे ते आधी सांगा.

नवखा_प्रवासी

ऑक्टोबर.

शिळालेख

मग दीडच.