सॅमॅमिशचा कोकॅनी: हॅचरी आणखी किती वर्षं?

ओढ्याकाठी
मत मांडतो, पटलं नाही तर फोडून काढा.

सिएटलच्या पूर्वेला सुमारे ११ किलोमीटर लांबीचा सॅमॅमिश तलाव आहे. रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या आपल्या मंडळींना त्याचा काठ चांगला माहीत आहे, त्यातला मासा फारसा नाही. कोकॅनी म्हणजे जातीने सॉकाय साल्मनच, पण समुद्राचं तोंड न बघणारा. तीन-चार वर्षं तळ्यात काढायची, मग ओढ्यात चढून अंडी घालायची आणि मरायचं. इसाक्वा क्रीकमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी चढणारी त्याची फळी संपली. हिवाळ्यात लुईस, ईब्राइट, लाफिंग जेकब्ज अशा ओढ्यांत चढणारी तेवढी उरली, आणि २०१७-१८ च्या हंगामात तीही विसाच्या आत आली. म्हणजे आठ-नऊ वर्षं इसाक्वाच्या हॅचरीत अंडी उबवून पिल्लं सोडल्यानंतर ही गत!

माझं म्हणणं, अडचण पिल्लांच्या संख्येची नाही, तळ्याच्या उन्हाळ्याची आहे. वरचं पाणी १७ अंशांच्या वर गेलं की कोकॅनी खाली सरकतो. तळाशी कुजणारं शेवाळ ऑक्सिजन खात असतं. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा वर येतो. सप्टेंबरपर्यंत मधला राहण्याजोगा थर इतका पातळ होतो की सगळे मासे दाटीवाटीने तिथेच. कटथ्रोट ट्राउट या शिकारी माशाला ताट वाढूनच ठेवल्यासारखं. पैसा तळाच्या ऑक्सिजनवर घाला, हॅचरीवर नको.

खवलेकर
साफ असहमत. दुकानात बियाणंच नसेल तर शेत नांगरून काय पेरणार?

हॅचरी म्हणजे टाकीत मासे वाढवणं असा समज दिसतो, म्हणून काम सांगतो. ओढ्यातून पकडलेल्या प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या बादलीत. कारण आयएचएन नावाचा विषाणू. माणसाला त्याचा त्रास नाही, पण सॉकाय आणि कोकॅनीची पिल्लं ट्रेच्या ट्रे साफ होतात. फलन झालं की अंडी १०० पीपीएम आयोडोफोरमध्ये (आयोडीनच्या जंतुनाशकात) बुडवायची, मादीच्या पोटातल्या द्रवाची तपासणी करायची, आणि विषाणू निघाला तर तिची बादली फेकायची. सगळ्या माद्यांची अंडी एकत्र केली असती तर एकीपायी सगळा घाणा वाया. मग १० अंशांच्या पाण्यात महिनाभरात डोळे दिसतात, तीन महिन्यांच्या आसपास पिल्लू पोहायला लागतं. मधे पाणी ठरावीक दिवस दोन-तीन अंशांनी थंड करतात. त्याने पिल्लाच्या कानातल्या खड्यावर काळ्या रेघा उठतात. चार वर्षांनी ओढ्यात मेलेल्या माशाचा खडा घासून बघितला की तो हॅचरीचा की ओढ्याचा हे कळतं. ही नोंद नसती तर आपण हा वाद नुसत्या अंदाजावर घातला असता.

मोरीमास्तर
दोघेही ओढा विसरलात. जुन्या मोऱ्या म्हणजे रस्त्याखाली घातलेला गोल पाइप. पाइप अरुंद, म्हणून पाणी जोरात. जोरामुळे खालच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि पाइप अधांतरी लटकतो. कोकॅनी हातभर लांबसुद्धा नसतो, तो अर्ध्या मीटरची उडी कुठून मारणार? वॉशिंग्टन राज्याचा ठोकताळा असा, की ओढा काठोकाठ भरल्यावरच्या रुंदीच्या १.२ पट अधिक २ फूट एवढी मोरी हवी. १० फुटी ओढ्याला १४ फूट. आत ओढ्यासारखीच खडी भरायची. २०१८ साली झॅक्यूज क्रीकची मोरी बदलली, त्या कामात स्नोक्वाल्मी ही इथली मूळनिवासी टोळी सामील होती.

शिवाय टायरच्या धुळीतलं विष विसरू नका, पहिल्या पावसात मासे मरतात.

खवलेकर
मोरीबद्दल मान्य. टायरबद्दल नाही. टायरमधल्या त्या विषाने, ६पीपीडी-क्विनोनने, मरतो तो कोहो साल्मन. सॉकायला त्याचा तसा फटका बसत नाही, आणि कोकॅनी सॉकायच आहे. इथे रस्त्यावरच्या पाण्याचा घात वेगळा: डांबरावरून एकदम आलेला लोंढा खडी उलटीपालटी करतो आणि अंडी वाहून जातात, पूर ओसरला की बारीक गाळ खडीच्या फटीत बसतो आणि उरलेली गुदमरतात.

गळटाक्या
सगळं ठीक, पण मासेमारी कधी? कोकॅनी धरायला बंदी आहे. निदान पकडून सोडू तरी द्या. परवान्याचे पैसे आम्हीच भरतो ना?

ओढ्याकाठी
सोडलेला मासा जगला पाहिजे ना. डाउनरिगरला (गळ खोलवर नेणाऱ्या यंत्राला) वजन लावून १५ मीटरवरून ओढलेला कोकॅनी विशीच्या पुढच्या गरम पाण्यातून वर येतो. तोंड इतकं मऊ की गळ ते फाडून निघतो, खवले हाताला चिकटतात. आणि सगळे एका पातळ थरात असल्यावर फिश फाइंडर लावून शाळकरी पोरही सापडवेल. तुम्हाला कोकॅनीच हवा तर लेक स्टीव्हन्सला जा. इथे यलो पर्च धरा, तळून झकास लागतो आणि पिल्लांचा एक भक्षकही कमी होतो.

तहनामा
शौकिनांच्या आधी टोळीचा प्रश्न येतो. स्नोक्वाल्मींनी १८५५ च्या अमेरिकी सरकारशी झालेल्या पॉइंट एलियट तहावर सही केली. १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने तहातल्या टोळ्यांना पकडीच्या निम्म्या वाट्याचा हक्क दिला, पण १९७९ मध्ये त्याच न्यायाधीशांनी स्नोक्वाल्मींना त्यात धरलं नाही. १९९९ साली केंद्राची मान्यता मिळूनही २०२१ मध्ये अपील न्यायालयाने दार उघडलं नाही. म्हणजे मोऱ्या आणि पिल्लांसाठी राबणाऱ्या टोळीला, मासा वाढला तरी, तहाचा वाटा नाही. त्यामुळे ‘टोळीच्या मासेमारीसाठी पुनरुज्जीवन’ हे शब्द जपून वापरा.

मोरीमास्तर
हे पटलं. आता ओढ्याकाठी, तुमच्या ऑक्सिजनचं सांगा. तळाशी हवेचे बुडबुडे सोडायचे एवढंच ना?

ओढ्याकाठी
तेच तर करायचं नाही. बुडबुडे पाणी ढवळतात, वरचं गरम पाणी खाली जातं आणि कोकॅनीचा थंड थरच मोडतो. तळाचं पाणी पंपाने शंकूच्या आकाराच्या टाकीत घेऊन दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विरघळवायचा आणि हळूच परत त्याच खोलीवर सोडायचं. स्पोकेनजवळ न्यूमन तलावात असा शंकू बसवलेला आहे. कॉलव्हिल टोळीच्या नॉर्थ ट्विन तलावातही ट्राउटसाठी तळाला ऑक्सिजन देतात.

खवलेकर
ते दोन्ही तलाव सॅमॅमिशपेक्षा कितीतरी लहान. इथे सुमारे २० चौरस किलोमीटर पाणी आहे. एकच टोक करून बघायचं तर मासे तिथे येतील याची खात्री काय? तोवर ओढ्याच्याच पाण्यावर चालणारी, अंडी उबवायची पिंपं वाढवा. खालून पाणी, मधे खडी आणि अंडी, वरून पिल्लू आपलं आपण बाहेर. त्याला वास लागतो तो ओढ्याच्याच पाण्याचा, म्हणून परततं तिथेच. फक्त वादळानंतर त्याच रात्री कोणीतरी जाऊन पाइपाच्या तोंडातली वाळू काढायला हवी. सकाळपर्यंत थांबलात तर पिंपातलं पाणी थांबलेलं असतं.