मदत हवी आहे: बरा झालोय म्हणतात सगळे, पण सकाळी उठायचं कशासाठी?

पंचगंगा_घाट

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, वय 34. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. तेव्हाचं सगळं सांगत बसत नाही, थोडक्यात समोरच्यांच्या गच्चीवरच्या डिशमधून माझे विचार बाहेर जातात असं मला पक्कं वाटायचं आणि ती डिश फिरवायला मी रात्री दोन वाजता त्यांच्या गच्चीवर चढलो, मग घरच्यांनी डॉक्टर गाठला (त्याआधी लिंबू, नारळ, उतारा सगळं झालेलं, ते वेगळंच).

गोळ्यांनी फरक पडला. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं, आम्ही मामाकडे, हायवे बंद, गोळ्या संपल्या, आणि मी म्हटलं बरंच झालं की, नाहीतरी आता ठीक आहे मी. रस्ते सुरू झाल्यावरही आणल्याच नाहीत. दिवाळीपर्यंत परत गच्चीवर. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही.

आता प्रॉब्लेम वेगळा आहे. आवाज जवळपास गेलेत. आई मिक्सर लावते तेव्हा त्याच्या घरघरीत कोणीतरी माझं नाव घेतल्यासारखं होतं, मिक्सर बंद झाला की तेही बंद. त्याची भीती नाही वाटत. भीती वाटते दुपारच्या तीनची. जेवून ताट उचललं की रात्रीपर्यंत पुढं काहीच नाही, झोपही येत नाही आणि उठवतही नाही. पूर्वी पीटीएमची (पाटाकडील तालीम मंडळ, आपली फुटबॉल टीम) मॅच म्हटलं की आदल्या रात्री झोप नसायची, आता पीटीएम जिंकली काय हरली काय, आत काही हलतच नाही राव. डॉक्टर म्हणाले हा आजाराचाच भाग आहे, गोळ्या आवाजावर आणि संशयावर जेवढ्या चालतात तेवढ्या यावर चालत नाहीत. आबा म्हणतात आळस.

एक गोष्ट मात्र आहे. आठवड्यातून दोनदा आबांबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. म्हशीची धार थेट ग्लासात, कोमट, फेस मिशीला लागतो. दूधवाला विचारतो, आज एकच ग्लास व्हय? त्याला माझं काही माहीत नाही. ती दहा मिनिटं मी नुसता एक गिऱ्हाईक असतो.

दाजींचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. तिकडं जावं का? ओलान्झापिनच्या गोळीमुळे सकाळी डोळे उघडत नाहीत. दाजींना घरच्यांनी 'त्याला टेन्शनचा त्रास आहे' एवढंच सांगितलंय, मी खरं सांगू का? आणि खरं म्हणजे मला विचारायचंय की हा आजार घेऊन कोणी आनंदात आहे का, उगाच धीर देऊ नका.

भवानी_मंडप

पाच रविवार जोतिबाला करा, चालत. आणि त्या गोळ्या आधी कमी करा, शरीराची वाट लागते त्यांनी. अनुभवाने सांगतोय.

पेठेतला_पोरगा

@भवानी_मंडप गोळ्या बंद केल्यावर काय झालं ते त्याने वर लिहिलंय, वाचा की जरा. भावा, जोतिबाला जा बिनधास्त, मी पण जातो, पण गोळ्या खिशात ठेवून.

कृष्णाकाठ

दादा, मी सांगलीची, धाकट्या भावाला हाच आजार आहे. आम्ही दोन वर्षं वाट बघितली की त्याला इच्छा होईल मग कामाला लावू. इच्छा आधी येतच नाही हो, काम सुरू केल्यावर मागनं येते, ती पण थोडी. तो नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरतो, आधी रोज एक तास, आता चार. वर्कशॉपला जा पण झोप असताना ग्राइंडर, लेथ अजिबात नको, स्टोअरमधलं काम मागा. सकाळच्या सुस्तीचं डॉक्टरांना सांगा, भावाची गोळी त्यांनी रात्री लवकर घ्यायला लावली, तर सकाळी उठतो. आणि सिगरेट ओढत असाल नि सोडणार असाल तर तेही आधी सांगा, सिगरेट सुटली की ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बघावा लागतो. वजनाकडे आणि शुगरकडे पण लक्ष ठेवा.

टपरीवरचा_चहा

मी पुण्यात असतो, मला स्वतःलाच आहे, 19 वर्षं झाली. धीर देत नाही, खरं सांगतो. आनंदात आहे का? रोज नाही. पण माझ्याकडे बुधवार आहे. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या सपोर्ट ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा एका काकांनी मिक्सरचंच सांगितलं होतं, म्हणून तुझं वाचून हसू आलं. आपल्यासारखंच कोणीतरी बोलतंय हे ऐकून जे वाटतं ते मला कुठल्या औषधाने दिलं नाही. आता दर बुधवारी एका मित्राकडे कॅरम खेळायला जातो, आम्ही दोघंही वाईट खेळतो.

तिकडं ग्रुप मिळतो का ते तुझ्या डॉक्टरांना विचार. रात्री-बेरात्री जड झालं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर सर्टिफिकेटचा उपयोग होतो, लाजू नको. दाजींना सांग. लपवण्यात जी ताकद जाते ती कामाला लागेल. गल्लीभर सांगायची काही गरज नाही.

पंचगंगा_घाट

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. सिगरेट नाही ओढत, चहा मात्र लई.

आज दाजींना फोन केला. पाच मिनिटं काय बोलावं सुचेना, पाऊसपाण्याचंच बोललो. मग सांगितलं. तर म्हणाले मला लग्नाआधीपासून माहिती आहे, तुझ्या ताईने सांगितलेलं, तूच कधी बोलला नाहीस म्हणून मी गप्प. सहा वर्षं दोघंही टेन्शन टेन्शन म्हणत बसलोय! सोमवारपासून दहा ते एक ये म्हणालेत, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून पिशव्या बांधायच्या, चुकलं तर परत मोजायचं. पगाराचं ते काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का?