हात दुखतोय, पण नक्की कुठे? तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल जाऊबाई सांडशीने दुधाचं पातेलं उतरवताना "आई गं" म्हणाल्या आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरलं. बाहेरच्या हाडाच्या बोटभर खाली. ती जागा मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी आठ महिने अंगावर काढलं. ओला पंचा पिळता येईना, किल्ली फिरवता येईना. डॉक्टरांनी मधलं बोट दाबून धरलं, म्हणाले आता वर उचला. कळ थेट कोपरात! टेनिस एल्बो. रॅकेट कधी हातात धरलेली नाही. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराशी जिथे चिकटतात, तिथे झीज होते म्हणे. इंजेक्शनने दीड महिना छान गेला, मग दुखणं परत. गुण आला तो व्यायामाने. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, अर्ध्या लिटरची बाटली दुसऱ्या हाताने वर न्यायची आणि सावकाश खाली सोडायची. तीन महिने रोज.
तुमचं कसं बरं झालं?

मीनल_ठाणे
माझा खांदा. वेणी घालता येईना, ब्लाऊजचे हूक मुलगी लावायची. फ्रोझन शोल्डर. फिजिओ म्हणाली आधी साखर तपासा. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९! खांदा सुटायला दीड वर्ष गेलं, पण मधुमेह वेळेत कळला.

कोकणकडा
रानजाई, जाऊबाईंना कणीक मळू देऊ नका सध्या.

शुभा के
रात्री तीनला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, करंगळी कधीच नाही. शेजारच्या काकूंचं ऐकून मी मानेला पट्टा लावून बसले होते! नसांची तपासणी केली, तर मनगटात नस दबलेली, कार्पल टनेल. थायरॉइडही निघालं. रात्री मनगटाला स्प्लिंट आणि थायरॉइडची गोळी, दोन महिन्यांत झोप लागायला लागली. कुकर झाला, नंतर लिहिते.

अनिकेत७८
हे वाचाच. बाबांचा डावा हात जिना चढताना दुखायचा, बसले की थांबायचा. दाबून दुखत नव्हता, हलवूनही नाही. आम्ही पंधरा दिवस बाम चोळला. मग एका सकाळी घाम फुटला, छातीवर दडपण. १०८ ला फोन केला, त्याच दिवशी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. आज बाबा समोर पेपर वाचतायत. ते पंधरा दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

मीनल_ठाणे
अनिकेत, बाबांना नमस्कार सांगा.

कोकणकडा
कणीक मळायचं यंत्र कुणी वापरतं का? भाकरीचं पीठ होतं त्यात?

शुभा के
पोळ्यांचं छान होतं. भाकरीचं हातानेच, तेही थोडं थोडं.

रानजाई
अनिकेत, वाचून काटा आला. जाऊबाईंचा उजवा हात आहे आणि दाबलं की दुखतो, तरी गुरुवारी डॉक्टरांकडे नेतेच. शुभा, त्यांनाही रात्री मुंग्या येतात का, ते आत्ता विचारलं. येतात म्हणाल्या.