फुलराणीने भक्ती बर्वेला खाल्लं का?

तिसरी घंटा:
काल ‘जाने भी दो यारों’ पुन्हा पाहिला. बाकीचे सगळे धमाल आहेतच, पण या वेळी नजर भक्ती बर्वेवरून हलेना. त्यात ती ‘खबरदार’ची संपादक शोभा सेन झालीय. दोन बिचारे फोटोग्राफर जीव धोक्यात घालून फोटो आणतात आणि ही बाई त्याच फोटोंच्या जोरावर बिल्डरशी सौदा करायला निघते. बोलणं गोड, डोळे हिशेबी. १९८३ सालचा सिनेमा, आणि अशी थंड डोक्याची बाई हिंदीत तेव्हा कोण करत होतं?

शेजारी बसलेल्या भाच्याला म्हटलं, ही आमची फुलराणी. तो म्हणाला, “कोण, अमृता सुभाष?” त्याची फुलराणी नंतरच्या संचातली.

तर माझं म्हणणं असं: ‘ती फुलराणी’ या नाटकाने (१९७५) तिला जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त काढून घेतलं. पुढची पंचवीस वर्षं महाराष्ट्राने तिच्याकडे त्यातली फुलवाली मंजुळाच मागितली. सिनेमावाल्यांना ती नाटकातली वाटली, नाटकवाल्यांना फुलराणी. शोभा सेननंतर तिच्या तोडीची एक तरी मोठी सिनेभूमिका दाखवा. गोविंद निहलानींच्या ‘हजार चौरासी की माँ’मध्ये ती आहे, पण किती जणांना आठवते?

विंगेतला:
साफ असहमत. अगदी धागा उघडल्या उघडल्या असहमत.

फुलराणी म्हणजे नुसती गाजलेली भूमिका नव्हे, ती अवघड भूमिका आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून पु. लं.नी केलेलं नाटक. पण शॉची फुलवाली मराठीत आणायची तर सगळा खेळ उच्चारांचा. पहिल्या अंकात ‘न’ आणि ‘ण’चा पत्ता नसलेली पोर शेवटी प्राध्यापकाला त्याच्याच भाषेत उत्तर देते, आणि मधला प्रवास प्रेक्षकाला कानांनी दिसावा लागतो. ही बाई कोण होती? आकाशवाणीवर निवेदन केलेली, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी. म्हणजे प्रमाण मराठीचा रोजचा रियाज. तिने ते सगळं विसरून गावरान बोलायचं आणि मग तेच हळूहळू परत ‘शिकायचं’! ते प्रसिद्ध स्वगत आज प्रत्येक एकपात्री स्पर्धेत कोणीतरी किंचाळत म्हणतं. भक्तीची क्लिप ऐका. ती किंचाळत नाही. रागाच्या खाली मजा आहे, मजेखाली अपमान.

सिनेमा मिळाला नाही म्हणून हळहळायचं, हे फक्त नाटकातल्या नटांच्याच बाबतीत का? सिनेमातल्या माणसाला नाटक मिळालं नाही म्हणून कोणी धागा काढतं का?

तिसरी घंटा:
काढायला हवा, पण तो वेगळा विषय. मी भूमिकेला कमी लेखत नाहीये. स्मिता पाटील आठवा. तीही मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची. तिथून श्याम बेनेगलांनी तिला उचललं. समांतर सिनेमा इथेच, याच शहरात बनत होता. मग भक्ती बर्वे त्यांना दिसलीच नाही? का? कारण ती ‘फुलराणी’ होऊन बसली होती.

माडीवरची काकू:
अहो, दिसली असेलही. पण व्यावसायिक नाटकातली बाई महिनाभराच्या तारखा एकगठ्ठा देणार कुठून? शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग, रात्री दुसरीकडे, मग दौरा. नाटक हाऊसफुल्ल असताना मुख्य नटीने रजा मागितली तर निर्माता काय म्हणेल, याची कल्पना करा. हा हिशेब न मांडता ‘सिनेमाने डावललं’ म्हणणं सोपं आहे.

आणि फुलराणीतच अडकली हे तर मला मुळीच पटत नाही. मी तिला पहिल्यांदा पाहिली ती अशोक पाटोळ्यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये. घरकामातून निवृत्त व्हायचं ठरवणारी आई. आमच्या ओळीतल्या बायका आधी हसत होत्या, मग गप्प झाल्या. परतताना माझी आई बसमध्ये एक शब्द बोलली नाही. माझ्यासाठी भक्ती बर्वे म्हणजे ती आई. मंजुळा मला नंतर कळली. शिवाय दूरदर्शनवरची बहिणाबाई विसरलात की काय?

विंगेतला:
काकू, +१. शॉ, पाटोळे, बहिणाबाई, ‘जाने भी दो यारों’चे कुंदन शाह. याला अडकणं म्हणतात होय?

तिसरी घंटा:
तारखांचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. आईचाही मान्य. पण एक सांगा. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईला परतताना एक्स्प्रेसवेवर अपघातात ती गेली, ५२ व्या वर्षी. वाईला कार्यक्रम कोणता होता? ‘पु. ल., फुलराणी आणि मी’. शेवटपर्यंत ते नाव तिच्या पुढेच चालत होतं, ‘मी’ तिसऱ्या नंबरावर.

विंगेतला:
किंवा असं वाचा: पु. ल. आदल्याच वर्षी गेले होते, आणि ती त्यांचं देणं फेडत होती. शीर्षकात स्वतःला शेवटी ठेवणं याला आमच्याकडे अदब म्हणतात.

माडीवरची काकू:
भाच्याला आधी स्वगत ऐकवा. मग अमृता, मग हेमांगी कवी. तिघींच्या तीन मंजुळा आहेत. भांडण त्यानंतर पुढे चालू करू.

तिसरी घंटा:
ऐकवलं. म्हणाला, “ही तर शोभा सेन!” आता कोणाची बाजू बळकट झाली ते तुम्हीच सांगा.