प्रति: लेझरखालची पेशी सुखरूप का?
दादा, तुम्ही म्हापशाहून लिहिलंत, प्रोपिडियम आयोडाइड हा रंग आत शिरला नाही म्हणजे लेझरखालची पेशी सुखरूप. मला पटत नाही. तो रंग फक्त पेशीचं फाटलेलं पटल (बाहेरचं आवरण) दाखवतो; डीएनए तुटूनही पटल तासन्‌तास शाबूत राहू शकतं. जिवंतपणीच बघायचं तर ई. कोलाय या जिवाणूच्या कशाभिकेच्या (पोहण्यासाठी फिरणाऱ्या शेपटीसारख्या धाग्याच्या) फिरण्याचा वेग मोजा, इजा वाढली की तो मंदावतो. १९९९ साली प्रकाशचिमट्यात (लेझरच्या झोतानं पेशी धरून ठेवणाऱ्या साधनात) हेच मोजलं, तेव्हा ८७० आणि ९३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरला इजा सर्वाधिक दिसली, ८३० आणि ९७० ला सर्वांत कमी. ऑक्सिजन काढल्यावर तर ती खूपच घटली! फोंड्याला मुलांना शिकवताना माझा एकच आग्रह असतो: तुलनेला लेझर न लागलेली पेशीही शेजारी मोजायचीच.