मदत हवी आहे: आर्टिकलशिपसाठी ऑफिस कसं पारखायचं? (सोलापूर)

नमस्कार. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप एकदाचे निघाले. आता दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं (२०२३च्या योजनेआधी तीन वर्षं होती).

वर्गातल्या पोरांना विचारलं तर सीए म्हणजे टॅलीत एन्ट्री मारायच्या आणि शेवटी सही ठोकायची. आई विड्या वळते; तिच्या लेखी मी लोकांचा टॅक्स वाचवणारा होणार. मलाही याहून फार काही कळत नव्हतं.

दोन वर्षं एका सीए सरांच्या ऑफिसात अर्धवेळ बसतोय. काम आवडतं, खोटं कशाला सांगू. अकरा तारीख जवळ आली की जीएसटीआर-१साठी (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) पिशवीभर चुरगळलेली बिलं येतात. वैताग असतो, पण शेवटी पैशापैशाने जुळलं की बरं वाटतं.

जूनमध्ये एका टॉवेलवाल्यांची ऑडिटची फाईल आली. डाइंगवाल्याचं १२ जानेवारीचं बिल, करार ४५ दिवसांचा, आणि मार्चअखेर पैसे दिलेलेच नाहीत. लहान उद्योगाची बाकी अशी मुदतीबाहेर उभी राहिली की तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, आयकर कायदा १९६१चं कलम ४३बी(एच). मी तसं दाखवलं. मालक म्हणाले, "मग माल २५ फेब्रुवारीला आला असं लाव की पोरा, मुदत एप्रिलात जाईल." मालासोबतच्या चलनावर गेटचा शिक्का होता, खऱ्या तारखेसकट! मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "चहा सांग." सांगून आलो तोवर फाईल टेबलावर नव्हती. पुढं काय झालं कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

आता सर म्हणतात, इथंच रजिस्ट्रेशन कर. घर दहा मिनिटांवर. पुण्याला गेलो तर स्टायपेंड खोलीभाड्यातच जाईल. पण आधी त्या फाईलचं सरांना विचारू का? की मीच पोरकटपणा करतोय? ('पुण्याला ये, मस्त आहे' म्हणणाऱ्यांनी निदान कोणत्या कामाला बसवतात तेही लिहा.)

प्रतिसाद:
पोरकटपणा कसला! विचार, पण संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर, आणि एवढंच: "सर, ते बिल ३सीडीत दाखवलं का?" (३सीडी म्हणजे टॅक्स ऑडिटचा तपशिलाचा फॉर्म.) सरळ उत्तर आलं तर तिथंच रहा. पुन्हा चहा सांगायला लावला तर समजून घे. तसं त्या मालकांनाही पटवता आलं असतं. खर्च बुडत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. आमच्याकडे हे नीट सांगितलं की बरेचजण मार्चच्या आतच चेक फाडतात.

अजून एक. तिथल्या जुन्या आर्टिकलला विचार, स्टॉक मोजायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेवटचा कधी गेला होतास. "मालक यादी पाठवतात" म्हणाला तर तुझीही दोन वर्षं टॅलीतच जातील.

धागाकर्ता:
जुना आर्टिकल हसला फक्त. सर आज उशिरापर्यंत आहेत. विचारतो.