‘रात्रीस खेळ चाले’तली माई : जपते की जखडते?

पडवीकर
कोकणातल्या वाड्यावरच्या या भुताखेतांच्या मालिकेचं २०१६चं पहिलं पर्व पुन्हा बघतोय. घरधनी अण्णा गेलेत, मुंबईचा मुलगा माधव बायकोपोरासकट वाड्यात आलाय, आणि अण्णांच्या बायकोला, माईला, सगळे डोळ्यांसमोर हवेत. लोक तिला सोशिक म्हणतात. मला ती घर मुठीत धरणारी बाई वाटते, फक्त लेखकांनी ते उघड म्हणायचं टाळलंय. आपल्या मालिकांत दरडावणारी आई सोमवारी येते आणि मायाळू आई गुरुवारी. आपल्याकडच्या घरात दोघी एकाच वेळी वाढायला बसतात. सुरमईचा मधला तुकडा कुणाच्या ताटात जाणार आणि डोकं कुणाच्या, हे न बोलता ठरवणारी तीच.

तिरफळ
साफ नामंजूर. मूठ अण्णांची होती. २०१९चं दुसरं पर्व आधीच्या काळातलं आहे, ते बघा. अण्णांचं शेवंताशी प्रकरण गावभर झालंय आणि माई चुलीपाशी. तिला सत्ताधारी म्हणणं म्हणजे भिंतीला टेकलेल्या माणसाने भिंत धरून ठेवलीय म्हणण्यासारखं. वाढायचा डाव हातात असला म्हणून घर हातात येत नाही.

सातबारा
डाव सोडा, जमिनीच्या उताऱ्यावर या. मालिकांतल्या आया ‘घर तुझ्या नावावर करणार नाही’ असं धमकावतात तेव्हा हसू येतं. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि जमीन त्याच्या स्वकष्टाची असेल, तर हिंदू वारसा कायद्याने (१९५६) बायको आणि प्रत्येक मूल समान वाटेकरी. माधव, दत्ता, अभिराम हे मुलगे, मुलगी छाया आणि माई, म्हणजे माईचा पाचवा हिस्सा. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब वेगळा, त्यात आता शिरत नाही.
पण अख्खा तुकडा विकायचा तर पाचही जणांच्या सह्या लागतात. आईने सही अडवली की व्यवहार ठप्प. तिला छायाच्या डोक्यावर छप्पर ठेवायचंय, म्हणून ती मुंबईच्या मुलाचे पैसे अडकवते. जपणं आणि जखडणं एकाच सहीत! असा प्रसंग लिहायला भूतबीत लागत नाही.

तिरफळ
प्रसंग चांगला आहे, मान्य. पण तो पडद्यावर कसा येईल तेही सांगा. आईच्या डोळ्यांचा क्लोजअप, मागे बासरी. सुनेचा चेहरा फक्त ‘आता काय?’ विचारण्यापुरता. आईने सही न केल्याने सुनेचं काय अडलं, मुलांची फी की घराचा हप्ता, यावर एक वाक्य नाही. माया दाखवली की जाच माफ, ही आपल्या मालिकांची जुनी खोड.

कट टू
खोड नाही, घाई. रोजचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा, तोही रोज द्यायचा. मूक प्रसंगाला दीड मिनिट द्यायला कुणी धजत नाही, म्हणून माया संवादात कोंबतात. वस्तूंचंही तेच. आई मुंबईला पिशवी भरून देते आणि नट ती दोन बोटांनी उचलतो. आत दहा किलो तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं असतील तर खांदा वाकला पाहिजे. तो वाकला की आईने किती लादलंय ते संवादाशिवाय कळतं. थर्माकोल भरलेल्या पिशवीतून ना प्रेम दिसत, ना ओझं.

पडवीकर
हेच म्हणत होतो. त्यात आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली घाला. बुचाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून रबरबँड, नाहीतर गाडीत सांडते आणि कपड्यांवरचे डाग निघत नाहीत. हे आईलाच ठाऊक. सून म्हणते, “आई, मागची अजून उरलीय.” माई म्हणते, “ऱ्हवांदे गो, लागतलां,” आणि बाटली पिशवीत सरकवते.

तिरफळ
आणि कॅमेरा?

कट टू
दाराबाहेर. दोघी एकाच फ्रेममध्ये, क्लोजअप नाही, बासरी नाही. माई आत वळली की सून बाटली काढून पायरीवर ठेवते. दोन पावलं जाते, परत येते, उचलून पिशवीत टाकते.

तिरफळ
परत येणं कापा. बाटली पायरीवरच राहू दे.